शिखरावरची पेन्सिल

एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिला पाय कोणाचा पडला, यावरून 1953 च्या जूनमध्ये माणसे हमरीतुमरीवर आली होती. काठमांडूत झळकलेल्या चित्रांत तेनझिंग नोर्गे माथ्यावर ताठ उभे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोळागोळा झालेले हिलरी, असा देखावा होता. नेपाळ म्हणे तेनझिंग आमचे, भारत म्हणे आमचे. ब्रिटनने हिलरी आणि मोहिमेचे प्रमुख हंट यांना ‘सर’ केले आणि तेनझिंग यांची जॉर्ज पदकावर बोळवण केली. दोन वर्षांनी आलेल्या आत्मकथनात खुद्द तेनझिंग यांनी सांगून टाकले की, हिलरी पुढे होते, आपण त्यांच्या मागोमाग पोचलो. ज्यांना हे रुचले नाही त्यांनी ते मानले नाही, एवढेच.

त्याच आत्मकथनात आणखी एक गोष्ट आहे. तिच्यावर कोणीच भांडले नाही. माथ्यावर मिळालेल्या जेमतेम पंधरा मिनिटांत तेनझिंग यांनी बर्फ उकरून देवापुढे ठेवावा तसा थोडा खाऊ ठेवला आणि त्याच्याशेजारी एक लाल-निळी पेन्सिल. धाकटी मुलगी नीमा हिने ती त्यांच्याजवळ दिली होती. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात लिहिता-वाचता आले नाही, ज्याचे आत्मकथनही दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यावे लागले, त्याने लेकीची पेन्सिल 29 हजार फुटांवर नेऊन ठेवली. त्या दिवसाचे जगप्रसिद्ध छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यात बर्फाची कुऱ्हाड दिसते, चार झेंडे दिसतात. चेहरा मात्र प्राणवायूच्या मुखवट्याआड आहे. नातवंडांना आजोबा दाखवायचे तर ते छायाचित्र तसे कुचकामीच.

आमच्या मते तेनझिंग यांचे सर्वांत मोठे साहस एव्हरेस्टवर घडलेलेच नाही. ते घडले चित्रालच्या वाटेवर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोहिमा बंद पडल्या, तेव्हा ते वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालमध्ये एका इंग्रज मेजरकडे नोकरीला होते. चार वर्षांचा मुलगा 1939 मध्येच गेलेला. 1944 मध्ये पत्नी दावा फुटी तिथेच वारली. मागे उरल्या पेम पेम आणि नीमा, दोघीही लहान. मुलींना घोड्यावर घालून हा बाप डोंगराळ मुलखातून उतरला आणि तिथून हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला, दार्जिलिंगला, रेल्वेने पोचला. अंगात मेजरचा जुना गणवेश होता, म्हणून गाडीत कोणी हटकले नाही. या प्रवासाचा वर्धापनदिन कोणी साजरा करत नाही. ना झेंडे होते, ना दोर, ना मागून सामान वाहणारी माणसे. हाताशी फक्त दोन पोरी.

घरातल्या धाडसी माणसाची आठवण काढताना आपण सहसा माथाच तेवढा सांगतो. आजोबा घरातून पळून गेले, बोटीवर चढले, नाव काढून परत आले. ते बाहेर असताना चूल कोणी पेटती ठेवली, हा तपशील गळून पडतो. तेनझिंग यांच्या घरी ती आंग ल्हामूने ठेवली. 1945 मध्ये त्यांच्याशी लग्न झालेली ही बाई दार्जिलिंगमध्ये आया म्हणून राबली. पोरकेपण आलेल्या दोन मुलींना तिने आपल्या म्हटले. शेर्पाला काम मोसमापुरते आणि मोसमही साहेब येतील तेव्हा. एरवीच्या महिन्यांत तिच्याच मिळकतीवर घर चाले. 1952 मध्ये एकाच वर्षात स्वित्झर्लंडच्या दोन मोहिमा करून तेनझिंग परतले ते तापाने फणफणून, खंगून. रुग्णालयात पडून राहावे लागले. काही आठवड्यांतच इंग्रजांचे बोलावणे आले, तेव्हा आंग ल्हामूने विरोध केला. ते गेलेच. पुढे जे झाले ते जगाला ठाऊक आहे. पण ते झाले नसते तर तिचेच म्हणणे बरोबर ठरले असते, आणि एव्हरेस्टच्या उतारावर तेव्हाही अशा बरोबर ठरलेल्या बायकांचे नवरे गाडलेले होतेच.

तेनझिंग यांना हे कळत नव्हते असे नाही. उलट ते इतके कळत होते की, नंतर झालेला मुलगा जामलिंग याने तरुणपणी एव्हरेस्टच्या भारतीय मोहिमेत जाण्यासाठी वडिलांकडे शब्द टाकण्याची गळ घातली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. मुलांनी चढावे लागू नये म्हणूनच मी चढलो, असा त्यांचा रोख होता. मुलाला चांगल्या शाळेत घातले, अमेरिकेला शिकायला पाठवले. थामे गावातून आईबापांना न विचारता दार्जिलिंगला पळालेला, 1935 ते 1953 या काळात सात वेळा त्याच डोंगराशी झुंजलेला हा माणूस मुलाला म्हणतो, तू नको. यात विसंगती दिसेल. पण डोंगर हे पोटाचे साधन म्हणून ज्याने पाठीवर घेतले, त्याला मुलाच्या पाठीवर ते ओझे नको असणे साहजिक आहे. मजूर म्हणून गेलेल्या तेनझिंगला शिखराची ओढही होती, हे खरे. म्हणून तर ते इतर हमालांपेक्षा निराळे ठरले. ओढ मात्र मुलाला वारशाने देता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

तेनझिंग 9 मे 1986 रोजी गेले. बरोबर दहा वर्षांनी जामलिंग एव्हरेस्टवर होता. 10 आणि 11 मे 1996 च्या वादळात वर आठ माणसे गेली. त्यानंतर सामान आवरून घरी परतणे कोणालाही शोभले असते. 23 मे रोजी तो माथ्यावर पोचला आणि आईवडिलांचे छायाचित्र तिथे ठेवून आला. वडिलांची आज्ञा मोडून वडिलांनाच भेटायला जाणारा मुलगा! बाप हयात असता तर बोलला असता की अबोला धरला असता, सांगता येत नाही. खाली आल्यावर जामलिंगने बायकोला दिलेला शब्द पाळला: पुन्हा एव्हरेस्ट नाही.

नातवाची गोष्ट वेगळी. पेम पेमचा मुलगा ताशी 1997 मध्ये शिखरावर गेला. त्यालाही आजोबांच्या नावाचा फायदा झालाच असेल, आणि व्हायला हरकत काय? पण त्याच्या हातून पुढे जे घडले ते आजोबांना मनापासून आवडले असते. 1952 मध्ये रेमंड लँबर्ट या स्विस दोस्ताबरोबर तेनझिंग सुमारे 8,600 मीटरपर्यंत जाऊन माघारी फिरले होते. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी जन्माची मैत्री जडली. वर्षभराने तेनझिंग माथ्यावर पोचले तेव्हा गळ्यात लँबर्टनेच दिलेला लाल रुमाल होता. त्या माघारीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 2002 मध्ये, लँबर्टचा मुलगा ईव्ह आणि तेनझिंगचा नातू ताशी मिळून वर गेले. त्याच मोसमात जामलिंगही एव्हरेस्टला होता, दुसऱ्या एका मोहिमेबरोबर. तो तळावरच थांबला.