‘मदरबोर्ड गेला’ म्हणे!

परवाची गोष्ट. माझा पुतण्या संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. कुणाचे किती लिटर, फॅट किती लागली, उचल किती घेतली, सगळा हिशेब एका लॅपटॉपमध्ये. हा लॅपटॉप म्हणजे मोठ्या कंपन्या वापरून काढून टाकतात तो ‘बिझनेस’ जातीचा, पुण्याहून जुना घेतलेला. पगाराच्या आदल्या संध्याकाळी तो चालू होईना. पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय, पडदा मात्र काळा.

पुतण्या तो घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने बटण दोनदा दाबले, कानाशी धरला आणि निकाल दिला, “मदरबोर्ड गेला. दहा-अकरा हजार लागतील. त्यापेक्षा नवीनच घ्या.” एक स्क्रू काढला नाही. कागदावर एक ओळ लिहून दिली नाही. पुतण्या पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. “तात्या, शेवटचा बॅकअप दिवाळीतला आहे. उद्या लोकांना काय सांगू?”

वाचकहो, मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध प्रयोगशाळेत पर्यवेक्षणाला बसण्यापुरता. पण पस्तीस वर्षे मुलांना वाक्यपृथक्करण शिकवले आहे. वाक्य कळत नसेल तर एकेक पद वेगळे काढून बघावे. नातू सुट्टीला आलेला होता. म्हटले, चला, या यंत्राचेही पृथक्करण करू.

आधी एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून चार्जर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. चार्जरवरचा दिवा लागला, म्हणजे वीज पोचते आहे. मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, दुधाच्या मशीनची वायर, सगळे काढले. चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. आत अडकून राहिलेली वीज त्याने निघून जाते, आणि पुष्कळ लॅपटॉप एवढ्यावरच शुद्धीवर येतात. आमचा आला नाही. मग पडद्यावर तिरका टॉर्च मारला. पुसट चित्र दिसले असते तर फक्त पडद्यामागचा उजेड गेला असे समजायचे. नाही दिसले. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडला. तिथेही अंधार.

राहिला तो लुकलुकणारा दिवा. नातवाने बारकाईने बघितले तर तो आधी पिवळा, मग पांढरा, ठराविक वेळा लागत होता. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची पुस्तिका फुकट मिळाली. तीत लिहिले होते की या खुणेचा अर्थ, रॅम सापडत नाही. यंत्र बिचारे संध्याकाळपासून ओरडून आपले दुखणे सांगत होते, ऐकायला कुणी तयार नव्हते! चार्जर काढून तळाचे झाकण उघडले, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची जोडणी सोडवली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि आधी एकच पट्टी बसवली. लॅपटॉप चालू झाला. मग दुसरीही बसली. खर्च, शून्य रुपये. पगार वेळेवर झाला.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख त्या दुकानदाराला झोडपण्यासाठी नाही, जरी त्याला थोडे झोडपणार आहे. स्क्रू न काढता निकाल देणे म्हणजे पेपर न तपासता विद्यार्थ्याला नापास करणे. पण त्याला ही सवय लावली कुणी? आपणच! तो अर्धा तास बसून दोष शोधेल आणि ‘रॅम हलली होती’ म्हणेल, तर आपण त्याला काय देणार? “काहीच तर टाकले नाही, पैसे कसले?” म्हणून वीस रुपयांचा चहा पाजून निघणार. डॉक्टर तपासून ‘काही झालेले नाही’ म्हणाले तरी आपण मुकाट्याने फी देतो. इथे मात्र वस्तूचे पैसे देऊ, अकलेचे देणार नाही. मग ज्याला दुकानाचे भाडे भरायचे आहे तो वस्तूच विकणार. ‘मदरबोर्ड गेला’ हे पुष्कळदा निदान नसते, ती आपल्या कंजूषपणाला मिळालेली पावती असते.

काही जण म्हणतील, “मास्तर, उद्या ऑपरेशनही घरीच करा म्हणाल.” मुळीच नाही. आत पाणी-चहा सांडला असेल, वीज कडाडून काही जळले असेल, तर मदरबोर्ड खरेच जातो आणि ते काम जाणकाराचेच. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, बॅटरी दाबू-टोचू नये, ती पेट घेते. माझे म्हणणे एवढेच की दुकानात जाण्याआधी दहा मिनिटे द्या. पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे आले, तर संशय डिस्कवर घ्यायचा. तो संदेश लिहिण्याइतका मदरबोर्ड जिवंत आहेच की! दर वेळी तारीख चुकत असेल तर बहुतेक आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डेल, एचपी, लेनोवो या तिन्ही कंपन्यांच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये हार्डवेअर तपासणी मूळातच दिलेली असते. चालू करताना डेलला एफ १२, एचपीला एफ २ आणि लेनोवोच्या थिंकपॅडला बहुधा एफ १० दाबले की ती सापडते.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. पुस्तिका देतात, पण मराठीत शोधून बघा! आणि आता अनेक सडपातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन चिकटवतात, म्हणजे पट्टी काढून पुसायची सोयच नको. दिल्लीच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला त्याचे पोर्टलही सुरू केले. चांगलेच झाले. पण हक्क पोर्टलवर असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाच्या तोंडात हवा.

आणि आम्ही शिक्षक? आम्ही संगणक-साक्षरतेची प्रमाणपत्रे मिळवली, मुलांनाही मिळवायला लावली. टाइप करा, तक्ता काढा, स्लाइड बनवा. झाकणाच्या आत काय असते ते आम्हालाच ठाऊक नव्हते, तर मुलांना काय सांगणार? सायकलची चेन पडली तर पाचवीतला पोरगा हात काळे करून बसवत असे. त्याच पोराचा मुलगा आज इंजिनिअर होऊन चार्जर तपासायच्या आधी दुकान गाठतो. याचा दोष मी माझ्याही पदरात घेतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. दुकानदाराला आधीच विचारा, “तपासणीचे किती?” आणि ते पैसे आनंदाने द्या, भाग बदलो वा न बदलो. दुसरे, दोष काय आणि कशावरून ते कागदावर लिहून मागा, पावती घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. सेवेची पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे लक्षात असू द्या. तिसरे, हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला दुसरीकडे ठेवा. आमचा घास या वेळी थोडक्यात वाचला.

पुतण्याने नंतर विचारले, “तात्या, त्या दुकानदाराला जाऊन सुनावू का?” मी म्हटले, “जा जरूर. पण आधी तपासणीचे दोनशे रुपये त्याच्यापुढे ठेव, आणि मग सुनाव.”

असो. तूर्तास इतकेच.