नुसत्या घनइंचांनी शर्यत जिंकता येत नाही



‘मोठ्या गाडीला मोठ्यात मोठे इंजिन’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला मुळीच पटला नाही. जुन्या अवजड अमेरिकन गाड्यांची पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत खरी कसोटी लागते ती जागेवरून सुटताना. तिथे कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क, डिफरन्शियलचा रेशो आणि मागच्या टायरांची पकड यांचा मेळ बसावा लागतो. चढ्या आरपीएमचा कॅमशाफ्ट बसवून गिअर मात्र हायवेचेच ठेवले, तर शेवरोलेचे ४५४ घनइंचांचे इंजिनसुद्धा सुरुवातीलाच मार खाते.

नुसत्या मोठ्या इंजिनाने भागत नाही, वजनही पाहावे लागते, हे कारखान्यांनाही ठाऊक होते. १९६३च्या इम्पालाला शेवरोलेने ‘झेड-११’ हे ४२७ घनइंचांचे इंजिन दिले, पण सोबत बॉनेट, मडगार्ड आणि बंपर ॲल्युमिनियमचे केले. त्याच वर्षी पॉन्टियाकने ४२१ सुपर ड्यूटी इंजिनाच्या कॅटलिनाची चासी भोके पाडून हलकी केली. ताकद हाताशी असूनही वजनासाठी एवढा खटाटोप त्यांनी उगाच केला नाही.

म्हणून नवख्यांना कळकळीने सांगतो: आधी गाडीचे वजन करा, मग गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर ठरवा आणि त्यांना साजेसेच इंजिन बांधा. पैसा वाचेल आणि गाडीही पळेल.

– एक वाचक, पुणे