कलौंजी, कोरोनिल आणि इब्न सीनाची अट

जून 2020 मध्ये 'कोरोनिल' आले, सात दिवसांत शंभर टक्के बरे करण्याचा दावा घेऊन. आपण पोट धरून हसलो. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितली, तेव्हा आणखी हसलो. आणि त्याच फोनवरून कलौंजी, सना मक्कीचे मेसेज पुढे ढकलत होतो! सना मक्की म्हणजे आपली सोनामुखी, जुलाबाचे औषध. तापाने आधीच सुकलेल्या म्हाताऱ्याला ते पाजायचे आणि वर हदीसचा हवाला द्यायचा. 28 मार्चलाच बुलढाण्यात जिल्ह्यातला पहिला कोरोनाबळी गेला होता. आजार काय करतो, हे आपण पाहिलेले होते.

वनस्पतींत काही नाही, असे मी म्हणत नाही. ज्येष्ठमधातले ग्लायसिरायझिन सार्सच्या कोरोना विषाणूची वाढ रोखते, हे फ्रँकफर्टच्या संशोधकांनी 2003 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पण कुठे रोखते? प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींत, तेही भरपूर मात्रेत. रोज मूठभर ज्येष्ठमध चघळले तर विषाणूचे काय होईल ते होवो, रक्तदाब मात्र चढेल आणि पोटॅशियम घटेल. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननेही पेशींवर कमाल दाखवली होती. ब्रिटनमध्ये ती दीड हजारांवर रुग्णांना देऊन पाहिली, मृत्यू कमी झाले नाहीत.

हे शिकवायला परका डॉक्टर कशाला हवा? औषधाची परीक्षा माणसाच्याच शरीरावर झाली पाहिजे, सिंहावर किंवा घोड्यावर गुण आला म्हणून माणसाला येईलच असे नाही, ही अट इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये घातली. त्याच्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, अट मात्र विसरतो. प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही हदीस इलाज शोधायला सांगते, फॉरवर्ड करायला नव्हे. पाकिस्तानातल्या डॉक्टरांनी मध-कलौंजी 313 रुग्णांवर तपासली, निकाल चांगले आल्याचे लिहिले. हा खरा रस्ता. पण एका चाचणीवर कोणी दवाखाना टाळू नये.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी आठवडाभर काढ्यावर काढला. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची भीती. त्या दिवसांत ती अगदीच खोटी नव्हती. पण त्या भीतीला आधार आम्हीच पुरवला, रोज सकाळी, एकेक मेसेज करून. धाप लागल्यावर नेले तेव्हा उशीर झाला होता.