दम लागतोय, पण टीबी नाही आणि दमाही नाही: मग निदान कोणी करायचं?

महिनोन्‌महिने कोरडा खोकला आणि चालताना दम, असा पेशंट आला की आपल्याकडे दोनच नावं निघतात: टीबी आणि दमा. बऱ्याचदा ती बरोबरही असतात. पण काहींच्या थुंकीत जंतू सापडत नाहीत, पंपानं फरक पडत नाही, आणि पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखा आवाज येतो. तेव्हा आयएलडीचा विचार करायला हवा. आयएलडी हा एक आजार नाही. दोनशेहून अधिक आजारांचं ते कुटुंब आहे. त्यात फुफ्फुसाची नाजूक जाळी सुजते, पुढे कडक होते.

अडचण अशी की यातल्या काही आजारांचा सीटी स्कॅन एकमेकांसारखा दिसतो आणि उपचार मात्र वेगळे असतात. आयपीएफ या प्रकारात स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन वर्षानुवर्षं दिलं जात होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'पँथर' चाचणीत या औषधांच्या गटात मृत्यू वाढलेले आढळले. उलट श्वासातून गेलेल्या बुरशीमुळे किंवा पक्ष्यांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ कारण घरातून हलवणं.

म्हणून छातीचे तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, गरज पडल्यास पॅथॉलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकत्र बसून निदान करावं, असं आता मानलं जातं. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांतल्या १,०८४ रुग्णांची माहिती अशाच एकत्र चर्चेतून तपासली गेली. अहवाल २०१७ साली आला. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला ४७.३ टक्के रुग्णांत, आयपीएफ १३.७ टक्क्यांत. आणि त्या पहिल्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता! आपल्याकडे मार्च लागला की कूलर बाहेर निघतो. गेल्या वर्षीचं कुबट गवत त्यात तसंच असतं.

पण टीम बसली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. वेगवेगळ्या देशांतल्या सात टीमना तेच ७० रुग्ण दाखवले, तेव्हा आयपीएफवर त्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसवर फारच कमी. मला याचं नवल वाटत नाही. घरात कबुतरं बसतात का, बुरशी धरलेला कडबा कोण हलवतं, कूलर कुठे आहे, हे सीटीवर दिसत नाही. ते गावातल्या डॉक्टरला ठाऊक असतं किंवा त्यानं विचारायचं असतं. सीटीच्या रिपोर्टखाली 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' असं छापलेलं असतं. पण रिपोर्ट एकीकडे, पेशंट दुसरीकडे आणि माहिती तिसरीकडे, अशी आपली तऱ्हा. मग हे कोरिलेशन करणार कोण?

माझं मत स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात अशी चर्चा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हावी आणि कन्नडसारख्या तालुक्यातल्या डॉक्टरला त्यात फोनवरून का होईना, सामील करून घ्यावं. त्याला खर्च फारसा नाही. वेळ काढावा लागतो, आणि तीच खरी अडचण आहे.

तोवर तुमच्या हातात काय आहे? रिपोर्टमध्ये 'फायब्रोसिस' शब्द दिसला तर कायमची औषधं सुरू करण्याआधी विचारा, 'डॉक्टर, नेमका कोणता प्रकार? अजून कोणाला दाखवायचं का?' सीटीची नुसती फिल्म नको, सीडी मागून घ्या. बारीक काप त्यावरच नीट पाहता येतात. जुने एक्स-रे फेकू नका. आणि कूलर, कबुतरं, कडबा, आजवरची कामं, चालू गोळ्या हे सगळं एका कागदावर लिहून सोबत न्या.