बाखचं रीमिक्स? छे हो!

परवा ऑफिसच्या कॅबमध्ये इअरफोनचं एक टोक शेजारच्या मैत्रिणीच्या कानात दिलं. ही आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली. अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, ''अरे, हे बाखचं ना? कोणी रीमिक्स केलंय याचं?'' आवाजात तोच वैताग, जो जुन्या गाण्याखाली ढिंच्यॅक बीट ऐकला की आपल्या आईबाबांच्या आवाजात यायचा.

रीमिक्स? इथेच तर सगळी गंमत आहे, बॉस!

ऐकवत होतो झाक लुसिए. फ्रेंच पियानिस्ट, जन्म १९३४ चा, २०१९ मध्ये गेला. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला. पण लहानपणीच बाखची एक छोटी रचना त्याला इतकी आवडली, की वाजवता वाजवता त्यात तो स्वतःचे सूर मिसळायला लागला. १९५९ मध्ये बेसवर पिएर मिशलो आणि ड्रम्सवर क्रिस्तियाँ गारो यांना घेऊन त्याने 'प्ले बाख' ट्रायो सुरू केला. तीन माणसं, तीन वाद्यं आणि १७५० मध्ये वारलेला बाख!

बाखची ती 'एअर' तुम्ही नक्की ऐकलेली आहे. नाव माहीत नसेल, पण कुठल्या तरी हॉटेलच्या लॉबीत ती कानावर पडलेली असते. वरची धून लांब, संथ श्वास घेते आणि खाली बेस एकसारखी पावलं टाकत चालत राहतो. जॅझवाल्यांचा 'वॉकिंग बेस' असाच चालतो. म्हणजे लुसिएला खाली नवं काही चिकटवायची गरजच नव्हती. बाखचाच बेस तारा छेडून वाजवायचा, ड्रमवर ब्रश हलके फिरवायचे आणि आधी धून जशीच्या तशी मांडायची. मग तेच कॉर्ड्स धरून मनाला येईल तिकडे फिरायचं आणि पुन्हा धुनेवर यायचं.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे बंदिश मांडून, ताना घेऊन समेवर येतात, साधारण तोच फंडा. फरक इतकाच की गवय्याला रागाची चौकट असते आणि याला कॉर्ड्सच्या क्रमाची. चौकटीबाहेर पाय पडला की दोघंही पकडले जातात, तेही भर मैफलीत. रीमिक्स स्टुडिओत होतं. चुकलं की अनडू. स्टेजवर अनडू नसतो.

''पण बाखला चाललं असतं का हे?'' मैत्रिणीचा पुढचा बाउन्सर.

तर ऐका. १७४७ मध्ये बाख पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या दरबारात गेला. राजाने एक अवघड धून दिली आणि बाखने जागच्या जागी तिच्यावर तीन आवाजांची फ्यूग रचून वाजवली. म्हणजे तीन स्वतंत्र ओळी एकमेकींचा पाठलाग करतायत आणि कागदावर काहीही नाही. शिवाय त्या काळी साथीला कीबोर्डवर बसणाऱ्याला अनेकदा फक्त बेसची ओळ आणि तिच्यासोबत काही आकडे मिळायचे. बाकीचे सूर त्याने तिथल्या तिथे भरायचे. आजच्या जॅझवाल्याच्या कागदावर धून आणि वर कॉर्ड्सची नावं असतात. बाकीचं त्याचं तो बघतो. छापील नोटेशनला सोवळं नेसवलं गेलं ते बरंच नंतर!

बाखच्या गावानेही हे मनावर घेतलं नाही. लाइपझिगमध्ये त्याने १७२३ पासून मरेपर्यंत नोकरी केली. त्याच्या मृत्यूला अडीचशे वर्षं झाली, त्या जुलै २००० मध्ये तिथल्या बाजारचौकात जॅझ आणि बाखची खुली मैफल झाली. लुसिएचा ट्रायो होता, बॉबी मॅकफेरिन होता. बाखची कबर ज्या चर्चमध्ये आहे, ते तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का सांगतोय? कारण एक जुना हिशेब आहे. सातवीत असताना क्लासच्या गॅदरिंगमध्ये मी कॅसिओवर बीथोव्हेनचं 'फ्युर एलिझ' वाजवत होतो. मधेच सगळं विसरलो. घाबरून डाव्या हाताने अंदाजपंचे काहीतरी वाजवत राहिलो आणि कसाबसा मूळ धुनेवर परत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र विंगेत म्हणाले, ''लिहिलंय तेवढंच वाजवायचं.'' कॅसिओ माळ्यावर गेला तो तिथेच राहिला.

सरांचं पूर्ण चूक नव्हतं. माझं ते भटकणं नव्हतं, नुसतं हरवणं होतं. लुसिए कुठेही गेला तरी घरचा रस्ता त्याला पाठ असतो, कारण मूळ बाख त्याच्या बोटांत मुरलेला आहे. नुसता झुलता ठेका लावून 'जॅझ' म्हणून खपवणारेही खूप आहेत, आणि त्यांचा कंटाळा दोन मिनिटांत येतो. पण परत येता आलं, ही माझी त्या दिवशीची एकुलती एक कमाई होती, आणि ती मला कोणी सांगितली नाही.

या वीकेंडला एक करा. आधी मूळ 'एअर' दोनदा ऐका, धून गुणगुणता येईपर्यंत. मग लुसिएची ऐका, शक्यतो लाइव्ह. तो फिरायला निघाला की मनातल्या मनात मूळ धून चालू ठेवा आणि बघा, कुठे भेटतो तो.

मैत्रिणीचं म्हणाल, तर तिचा स्टॉप आला तेव्हा ती उतरेचना. ''थांब रे,'' म्हणाली, ''समेवर येऊ दे त्याला.''

कॅसिओ मी रविवारी खाली काढलाय. दोन पट्ट्या दबत नाहीत. बघू!