टॉवर स्पीकर घेताय? वॉट नंतर बघा, आधी हॉल मोजा

सणासुदीच्या ऑफर्स सुरू झाल्या की हाय-फाय स्पीकरच्या जाहिरातींत टॉवर हमखास पुढे असतात. कमरेएवढ्या उंचीचे, थेट जमिनीवर उभे राहणारे, दिसायला रुबाबदार. साठ ते नव्वद हजारांची जोडी आणि वर अॅम्प्लिफायर, म्हणजे सव्वा-दीड लाखाचा मामला. नोकरदार घरात हा खर्च दहा-पंधरा वर्षांतून एकदाच होतो. आणि तो बहुतेक वेळा कॅटलॉगमधले वॉट आणि वूफरचे इंच पाहून होतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीत टॉवर घेऊ नका. हॉल मोठा असेल तर घ्या, पण एखाद्या मालिकेतला सगळ्यात मोठा नको, सगळ्यात लहान घ्या.

टॉवर जास्तीचं काय देतो?

एकाच मालिकेतले बुकशेल्फ आणि टॉवर शेजारी ठेवून पाहा. डेन्मार्कच्या दाली कंपनीच्या ओबेरॉन मालिकेचं उदाहरण घेऊ. ओबेरॉन ३ हा बुकशेल्फ, त्यात ७ इंचांचा एक वूफर. ओबेरॉन ५ हा टॉवर, त्यात सव्वापाच इंचांचे दोन. दोन छोट्या वूफरचं मिळून क्षेत्रफळ एका मोठ्यापेक्षा किंचितच जास्त भरतं. तरीही कंपनीच्या आकड्यांनुसार बुकशेल्फ ४७ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो आणि टॉवर ३९ पर्यंत. यात मोठा वाटा खोक्याच्या आकाराचा आहे. खोक्यातली हवा जितकी जास्त, तितका खालचा स्वर काढणं सोपं.

आता हा फरक किती? ४७ ते ३९ म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून जेमतेम तीन पट्ट्या. वरचा सगळा भाग, म्हणजे गायकाचा आवाज, सतार, व्हायोलिन, झांज, दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो.

त्या तीन पट्ट्यांत तुमचं संगीत आहे का, हा खरा प्रश्न. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, गझल ऐकणाऱ्याला ४७ हर्ट्झचा स्पीकर पुरून उरतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. रॉक, इलेक्ट्रॉनिक किंवा अलीकडची सिनेगाणी दणकून ऐकणाऱ्यांना टॉवरचा फायदा कळेल. सिनेमातले स्फोट मात्र याहून खाली जातात. तिथे या किमतीतला टॉवरही हात टेकतो आणि वेगळा सबवूफर लागतोच.

खोली बासचं काय करते?

हा भाग दुकानात कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक स्वर अडकतो आणि घुमतो. हिशेब सोपा आहे. ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. सोळा फुटांना उत्तर येतं ३५ हर्ट्झ, बारा फुटांना ४७, दहा फुटांना ५६. आता आपल्या शहरांतली नेहमीची दहा बाय दहाची बेडरूम घ्या. लांबी-रुंदी दोन्हींतून ५६ येतात. छताची उंची साडेनऊ फूट असेल तर तिसरा आकडा ५९. तिन्ही एकाच जागी गोळा झाले, की त्या स्वराजवळचा प्रत्येक ठोका ढोलात बसून ऐकल्यासारखा वाटतो आणि त्याच्या आजूबाजूचे स्वर पोकळ. अशा खोलीत जास्त बास देणारा स्पीकर आणणं म्हणजे गळक्या नळाला मोटर लावणं.

त्यात बसायची जागा. हा घुमणारा स्वर भिंतीलगत सगळ्यात मोठा ऐकू येतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, स्पीकर समोरच्या भिंतीला टेकलेले. दोन्ही टोकांना बास फुगलेला. सोफा फूट-दीड फूट पुढे घेता आला तर जो फरक पडतो, तो वीस हजार जास्त मोजूनही पडत नाही. स्पीकरच्या मागे हवेसाठी भोक असेल, आणि अनेक टॉवरना ते असतंच, तर भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर हवं. जागा बारा महिने सोडता येईल का, ते घरातल्या सगळ्यांशी बोलून ठरवा. दोन फूट पुढे ठेवलेला स्पीकर केर काढताना मागे सरकतोच.

‘बुकशेल्फ घेतला तरी स्टँड लागणार, मग जागा कुठे वाचली?’ हा टॉवरवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. जमिनीवर दोघांनाही जागा तेवढीच लागते आणि बऱ्यापैकी जड स्टँडला वेगळे पैसे पडतात. म्हणूनच सोळा-अठरा फुटांच्या हॉलसाठी छोटा टॉवर हा मला शहाणपणाचा सौदा वाटतो. लहान खोलीत मात्र बुकशेल्फ आणि गरज वाटलीच तर वर्षभराने सबवूफर. सबवूफरची जागा आणि आवाज दोन्ही वेगळे बदलता येतात, टॉवरच्या पोटातला वूफर जिथे टॉवर तिथेच.

वॉटचं भूत

पीएमपीओचे हजारो वॉट लिहिलेले म्युझिक सिस्टिम अनेकांनी पाहिले असतील. त्या आकड्याला अर्थ नव्हता. पण ‘जास्त वॉट म्हणजे भारी’ ही समजूत राहिली. स्पीकरवर छापलेले वॉट म्हणजे तो साधारण किती सोसेल; तो किती जोरात वाजेल हे सेन्सिटिव्हिटी सांगते. ८७ डेसिबल लिहिलेल्या दोन स्पीकरना एकेक वॉट दिला तर तीन मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल इतका. तबल्याची थाप त्याहून १५ डेसिबलने उसळली तर ३२ वॉट लागतील. त्यामुळे फ्लॅटमध्ये ५०-६० खऱ्या वॉटचा अॅम्प्लिफायर पुष्कळ झाला.

सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असेल तर निम्मी वीज पुरते. इथे एक मेख आहे. मोजताना २.८३ व्होल्ट दिले जातात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचा एक वॉट होतो, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. म्हणून ४ ओहमवरचे ९० आणि ८ ओहमवरचे ८७ प्रत्यक्षात एकच. तसंच ‘३५ हर्ट्झपासून’ असं लिहिलं असेल तर पुढे अधिक-उणे ३ डेसिबल आहे का ते शोधा. तो उणे १० डेसिबलचा आकडा असेल तर तिथला आवाज कानाला निम्माच वाटणार.

दुकानात ऐकताना

दोन जोड्यांत जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते. विक्रेत्याने मुद्दाम काही केलं नाही तरी हे घडतं, कारण सेन्सिटिव्हिटीच वेगळी असते. मोबाइलवरच्या ध्वनिमापक अॅपने दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. डोळ्यांवरही भरवसा नको. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं, की स्पीकर समोर दिसत असताना ऐकणारे वेगळे गुण देतात आणि पडद्याआड असताना वेगळे. टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये केलेल्या कामाचा रोखही असाच होता. पडद्याआड लोकांना सरळ, कुठलाही स्वर न फुगवणारा स्पीकर आवडतो, मग आवड कुठल्याही संगीताची असो. त्यामुळे सोबत ओळखीचा मानवी आवाज न्या. दुकानदाराची डेमो ट्रॅक बासच्या धक्क्यासाठी निवडलेली असते.

शोरूम तुमच्या हॉलपेक्षा मोठी असते, तेव्हा घरी आणून ऐकवायला तयार असलेला विक्रेता दोन-तीन हजार जास्त मागत असेल तरी द्या. जुनी जोडी घेत असाल तर वूफरच्या कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून पाहा. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत भुसभुशीत होऊन तुटते, रबराची टिकते. आणि वायरींचे पाच हजार वाचवा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पाच-सहा मीटरपर्यंत निर्धास्त चालते. फक्त दोन्ही टोकांना प्लस-मायनसची खूण करून ठेवा. एका बाजूला ती उलटी लागली तर नव्या टॉवरचा बास गेला कुठे, ते शोधत बसाल.