गृहशिक्षण : पाटीपूर्वीं हात

मूल तीन वर्षांचें झालें कीं घरांत दोन पक्ष पडतात. शेजारच्या मुलास दहापर्यंत आंकडे लिहितां येतात, मग आपल्याच मुलास कां येऊं नयेत, असा एका पक्षाचा सवाल असतो. आणि ‘कशाला एवढी घाई, वेळ आली म्हणजे येईल,’ असें दुसरा पक्ष म्हणतो. एकत्र कुटुंबांत हे पक्ष कधीं सासू-सुनेचे असतात, कधीं बाप-लेकांचे. ज्याच्यासाठीं हा वाद चालतो तो चिमुकला जीव मात्र पेन्सिल मुठींत घट्ट आवळून, एका उभ्या रेघेसाठीं रडकुंडीस आलेला असतो. आमच्या मतें एका पक्षाची दृष्टि पाटीवर आहे व दुसऱ्याची पंचांगावर. हाताकडे कोणीच पाहत नाहीं. लिहिणारा हात आधीं घडावा लागतो, आणि तो घडविण्याचीं साधनें आपल्याच स्वयंपाकघरांत, देवघरांत व अंगणांत पडलेलीं आहेत. या महिन्यांत वाचकांपुढें हाच विचार मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शरीराच्या हालचालींचे दोन वर्ग मानतात. मान सांवरणें, बसणें, रांगणें, चालणें, धांवणें, चढणें हीं मोठ्या स्नायूंचीं कामें. आणि चिमटींत धरणें, गुंडी लावणें, कातरणें, लिहिणें हीं हाताबोटांच्या लहान स्नायूंचीं कामें. शास्त्रीय परिभाषेंत यांस अनुक्रमें स्थूल व सूक्ष्म कारक कौशल्यें म्हणतात. आपण व्यवहारांत पहिल्यास ‘खेळ’ आणि दुसऱ्यास ‘अभ्यास’ समजतों. परंतु निसर्गानें हीं दोन्ही एकाच साखळींत ओंविलीं आहेत. बालकाचा स्वतःच्या शरीरावरील ताबा डोक्याकडून पायांकडे आणि मध्याकडून टोकांकडे पसरत जातो. प्रथम मान, मग पाठ व कंबर, मग पाय. तसाच प्रथम खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांच्या शेवटीं बोटें. ज्याची पाठ बसल्या जागीं ठरत नाहीं व ज्याचा खांदा स्थिर नाहीं, त्याच्या बोटांस बारीक काम कसें साधावें? यास्तव झाडावर चढणारें किंवा दोरीस लोंबकळणारें मूल वेळ फुकट दवडीत आहे असें कोणीं समजूं नये. लिहिण्याची पूर्वतयारी तेथेंच चाललेली असते.

आतां वयाचा प्रश्न घेऊं. भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पांच देशांतील ८१६ निरोगी बालकांच्या वाढीचें निरीक्षण करून जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं कांहीं मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणें ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणें ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय उभें राहणें ६.९ ते १६.९ महिने आणि स्वतंत्र चालणें ८.२ ते १७.६ महिने, अशा त्या मर्यादा आहेत. एक मूल नवव्या महिन्यांत चाललें व दुसरें सतराव्यांत, तरी दोन्ही निकोप असूं शकतात. शंभरांपैकीं सुमारें चार मुलें तर हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत, आणि तरीही चालूं लागलीं. हे आंकडे ध्यानांत ठेविले तर जावेच्या मुलाशीं आपल्या मुलाची तुलना करून होणारा मनस्ताप पुष्कळच कमी होईल.

हाताची वाटचालहि अशीच क्रमाक्रमानें होते. नवजात अर्भक तळव्यास लागलेलें बोट मुठींत धरतें तें केवळ सहजक्रियेनें. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास तें एका हातांतील वस्तु दुसऱ्या हातांत घेऊं लागतें. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा व तर्जनी यांची चिमटी जमते. दोन वर्षांच्या आसपास पांच-सहा ठोकळ्यांची उतरंड रचतां येते. तिसऱ्या वर्षीं पाहून वर्तुळ काढतां येतें, चौथ्या वर्षीं अधिकाचें चिन्ह, पांचव्याच्या सुमारास चौकोन, आणि त्रिकोण बहुधा त्याहूनहि पुढें. कारण तिरपी रेघ ही सर्वांत कठीण. आतां आमच्या वाचकांनीं आपल्या बाळबोध अक्षरांकडे क्षणभर पाहावें. ‘ग’ मधील वळण, ‘अ’ मधील जोड, ‘ळ’ चीं दोन विरुद्ध वळणें यांस किती निरनिराळ्या गति लागतात! ज्या हातास अद्याप अधिकाचें चिन्ह साधत नाहीं, त्याकडून ‘अ’ गिरवून घेणें म्हणजे पाया भरण्यापूर्वीं कळस चढविणें होय. शिवाय मनगटांतील आठ लहान हाडें जन्मतः मऊ कूर्चेचीं असतात. तीं एकामागून एक कठीण होत जातात आणि हें काम नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास पुरें होतें. अशा कोंवळ्या हातावर अवेळीं सक्ती केली म्हणजे मूल पेन्सिल आवळून धरतें, सारा दंड ताठरून लिहितें व लवकर थकतें. मग आपण त्यास ‘लाडावलेला’ किंवा ‘आळशी’ म्हणतों. अक्षरांची ओळख होण्यापूर्वींच अक्षरांची भीति मनांत बसते, आणि ती पुढें वर्षानुवर्षें निघत नाहीं. खरी हानि ही आहे.

हें ज्ञान नवें नाहीं. मारिया मॉन्टेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम येथील सान लोरेंझो वस्तींत बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींतील लांकडी दट्टे असे कीं, त्यांची लहानशी मूठ मुलास अंगठा व दोन बोटें यांनींच उचलावी लागे; म्हणजे पेन्सिल न देतां पेन्सिल धरणारीं बोटें तयार होत. आपल्या देशांत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं भावनगरास नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंनीं १९३६ सालीं दादरास शिशुविहार सुरू केला आणि १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम-बालशिक्षणाचा उपक्रम आरंभिला. अनुताई वाघ तेथें त्यांस येऊन मिळाल्या. विलायती महाग साधनांवांचून, भोंवतालीं मिळणाऱ्या अल्पमोली वस्तूंनीं बालशिक्षण होऊं शकतें, हें या दोघींनीं प्रत्यक्ष करून दाखविलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून त्यांत खेळ व कृति यांस प्राधान्य दिलें आहे.

मग घरांत काय करावें? वर्षाच्या आंतबाहेर मूल वरणभातांत हात घालूं लागतें, त्या वेळीं त्याचा हात धरूं नये. सांडलवंड पुसतां येते. गेलेली संधि परत येत नाहीं. दीड-दोन वर्षांच्या मुलास बटाटे एका टोपलींतून दुसरींत टाकूं द्यावे, लहान फुलपात्रानें पाणी ओतूं द्यावें. दोन-तीन वर्षांच्या मुलास कणकेचा गोळा द्यावा, मटारच्या शेंगा सोलावयास बसवावें आणि धुणें वाळत घालतांना चिमटे हातांत द्यावे; चिमटा दाबून उघडणें हा बोटांस उत्तम व्यायाम आहे. तीन-चार वर्षांच्या मुलानें पालेभाजी निवडावी, पूजेचीं फुलें वेंचावीं व लहान तांब्यानें तुळशीस पाणी घालावें. चार-पांच वर्षांच्या मुलास आजीजवळ वाती वळावयास बसवावें आणि उंबऱ्यापुढें तांदळाच्या पिठीची रांगोळी काढूं द्यावी. रांगोळीची चिमूट ज्या तीन बोटांनीं सुटते, त्याच तीन बोटांनीं पुढें लेखणी चालते. हीं कामें मुलींचीं व झाडावर चढणें मुलांचें, असा भेद मात्र कोणीं करूं नये. वाती वळणाऱ्या मुलाचें अक्षर बिघडत नाहीं, आणि लंगडी खेळणाऱ्या मुलीची मर्यादा जात नाहीं. हात दोघांसहि सारखेच दिले आहेत.

मोठ्या स्नायूंसाठीं लंगडी, फुगडी, दोरीवरच्या उड्या, चेंडूफळी व सूर्यनमस्कार हीं साधनें कोणास नवीं नाहींत. सदनिकेंत राहणाऱ्यांस अंगण नसेल, परंतु जिना, गच्ची व जवळचें मैदान असतेंच. तान्ह्यास जागेपणीं, कोणी जवळ असतां, दिवसांतून थोडथोडा वेळ मिळून अर्धा तास तरी पालथें ठेवावें. झोंपतांना मात्र उताणेंच निजवावें. एक ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं एकंदर १८० मिनिटें तरी हालचाल घडावी, दोन वर्षांखालील मुलास मोबाइल-दूरदर्शन दाखवूं नये व पुढें चार वर्षांपर्यंत तें तासाभराहून अधिक असूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. चाकांच्या पांगुळगाड्यांतहि मुलास बसवूं नये. त्यानें चालणें लवकर येत नाहीं, अपघात मात्र होतात. कॅनडानें २००४ सालीं त्यांच्या विक्रीस बंदीच केली.

येथें सावधगिरीची एक सूचना. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं चिंचोके, मणी, सागरगोटे देऊन कोणीं दृष्टीआड होऊं नये. शेंगदाणे व फुटाणे तर त्यानंतरहि एक-दोन वर्षें सांभाळूनच द्यावे. ते श्वासनलिकेंत अडकतात. खेळण्यांतील नाण्यासारखी चपटी विजेरी गिळली गेल्यास दोन तासांतच अन्ननलिका भाजूं शकते. अशा वेळीं वाट न पाहतां रुग्णालय गाठावें.

एकत्र कुटुंबाचें एक भाग्य असें कीं, मुलाभोंवतीं प्रेमळ हात पुष्कळ असतात. आणि अडचणहि हीच. आजी घांस भरविते, काकू गुंड्या लावते, आत्या वेणी घालते, आजोबा चपलांचे बंद बांधतात, आणि पांच वर्षांचें मूल दोन्ही हात लोंबते ठेवून उभें राहतें. माया कमी करावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें थोडें थांबावें एवढेंच म्हणतों. सकाळच्या घाईंत गुंडी लावावयास मुलास पांच मिनिटें लागतात, तीं द्यावयाचीं तर घरांतील सर्वांनीं तसें ठरविलें पाहिजे. आईनें थांबावें व काकूनें चटकन् लावून द्यावी, असें झालें तर मूल लवकरच काकूकडे जावयास शिकतें.

डावऱ्या मुलांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कोणता हात पुढें करावयाचा हें सामान्यतः दोन ते चार वर्षांत स्पष्ट होतें, आणि तो कल मेंदूच्या रचनेशीं निगडित आहे. डाव्या हातावर चापट मारून उजवा हात सुधारत नाहीं. देवाचा प्रसाद उजव्या हातानें घ्यावा, ही रीत मूल समजुतीनें शिकेल. लेखणी मात्र त्यास हव्या त्या हातानें धरूं द्यावी.

तथापि सर्वच उशीर ‘वेळ आली म्हणजे येईल’ म्हणून सोडून देण्याजोगा नसतो. नऊ महिने उलटूनहि मूल आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिने होऊनहि चालत नसेल, वर्षाच्या आंतच एकच हात वापरून दुसरा मुठींत ठेवीत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, किंवा एकदां आलेलें कसब पुन्हा नाहींसें होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांस त्वरित दाखवावें. लवकर आरंभिलेल्या उपचारांनीं पुष्कळ फरक पडतो. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा विलंबाची तपासणी व पुढील उपचारांची सोय अंतर्भूत आहे. त्याचा लाभ घेण्यांत कोणासहि कमीपणा वाटूं नये.

आमच्या वाचक भगिनींस व घरांतील वडील मंडळींस आमची एकच विनंति आहे. येता महिनाभर तीन-चार वर्षांच्या मुलाची पाटी फळीवर ठेवावी आणि त्याच्याकडे घरांतील एक काम नेमून द्यावें. तें त्यानें रोज, आपल्या हातानें, आपल्या गतीनें करावें. चिमटे देणें असो वा फुलें वेंचणें असो, काम खरें असावें व त्याचा घरास उपयोग व्हावा. महिनाअखेर त्या हातांत काय फरक पडला तें आम्हांस अवश्य कळवावें.